स्वसंरक्षणात जीव घेण्याचा हक्क कुठे संपतो

चोर सापडला की त्याला खांबाला बांधून बदडायचे आणि तो दगावलाच तर 'स्वसंरक्षण' म्हणून मोकळे व्हायचे, हा समज गावातही आहे आणि शहरातल्या सोसायट्यांतही. कायद्यात त्याला कोणताही आधार नाही, आणि या समजापायी माणसे मेली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

कायदा दुबळा मुळीच नाही. हल्ल्यातून मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, हल्ला बलात्काराच्या वा अपहरणाच्या हेतूने असेल, किंवा ॲसिड फेकले जात असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ नुसार (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम १००) हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत आपला हक्क पोचतो. रात्रीची घरफोडी आणि राहत्या घराला लावलेली आग यांसाठीही कलम ४१ तशीच मुभा देते. पंजाबात शेतीच्या वादात बापावर गंडाशाचे (लांब दांड्याच्या कोयत्याचे) वार होताना पाहून मुलाने गोळी झाडली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग खटल्यात त्याला निर्दोष सोडले. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक वार मोजूनमापून करावा, असे न्यायालये म्हणत नाहीत.

पण कलम ४० नीट वाचावे. हा हक्क भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती असेपर्यंतच टिकतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. ते खरोखर गुन्हेगार असते असे क्षणभर धरले, तरी कोंडलेल्या माणसापासून कुणाच्या जिवाला धोका होता? कडी लागली तेव्हाच हक्क संपला होता. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा गुन्हाच होता.

खरोखर झटापटीत, पूर्वनियोजन नसताना, सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली, तर कायदा त्याला खून न म्हणता सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा कमी गंभीर गुन्हा, म्हणतो. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी त्याला तो निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते. पण ते पारडे पुराव्यानेच झुकते. म्हणूनच अशा प्रसंगानंतर रक्त धुऊन टाकणे, हत्यार लपवणे किंवा 'मी तिथे नव्हतोच' असे सांगणे घातक ठरते. स्वतः पोलिसांना कळवावे आणि अंगावरच्या जखमांची वैद्यकीय नोंद त्याच दिवशी करून घ्यावी.