विहिरीची बदनामी

वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा चुलतभावाने लिहिलं, "आरोग्य खात्याची माणसं दारोदार फिरून कुणी कुठलं पाणी प्यालं ते विचारतात. बापजाद्यांच्या विहिरीची बदनामी चाललीय." गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या वाड्यावर पाच घरांत जुलाब आहेत, एका मुलाच्या तपासणीत जिआर्डिया हा पाण्यातून पसरणारा परजीवी सापडलाय, आणि तक्रार कसली, तर विचारलंच का! माझा संताप अजून शमलेला नाही.

मी इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅमला राहतो. मे २०२४ मध्ये इथे नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा तसाच जुलाब करणारा परजीवी पसरला. १०० हून अधिक जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं, सुमारे १७,००० घरांना पाणी उकळून प्यायला सांगितलं गेलं, काही घरांना तर जुलैपर्यंत. संशय गेला तो एका शेतातल्या जलवाहिनीच्या बिघडलेल्या एअर व्हॉल्व्हवर. मी आजारी पडलो तेव्हा फोनवर मलाही विचारलं: नळाचं पाणी किती प्यालात, पोहायला गेला होतात का, गुरांना हात लावलात का. मला त्यात अपमान वाटला नाही. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पाणी कंपनी सुरुवातीला पाणी ठीक असल्याचं सांगत होती, ते मात्र लिहिलं नाही.

"विहिरीचा रिपोर्ट चांगला आलाय," भावाने उत्तर दिलं. अरे, तो रिपोर्ट जिवाणूंचा असतो. जिआर्डिया त्यात दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी. ब्लीचिंग पावडर टाकली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्याचं कवच क्लोरीनला सहज दाद देत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर त्याहून चिवट. पाण्याला खळखळून उकळी आणली की मात्र दोन्ही मरतात. शिवाय जिआर्डिया पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून आरोग्य खात्याची बाई काल काय खाल्लं ते सोडून गेल्या महिन्याचं पाणी विचारते: विहिरीचं, नळाचं की झरीचं? आजारी नसलेल्या घरांनाही विचारते, कारण दोन्हींत फरक कुठे आहे, ते कळल्याशिवाय पाण्याची वाट सापडत नाही. तिला अंगणात बसवून चहा द्यायचा, की दार लावून घ्यायचं?

रात्री भावाचा फोन आला. आवाज शांत होता. "दादा, चवथीला आलास तेव्हा तू बाटलीतलं पाणी पीत होतास. तुझ्या आईने कळशी भरून ठेवली होती, तिला तू हात लावला नाहीस. तेव्हा का नाही बोललास?"

मला उत्तर सुचलं नाही. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हा माझा भारतातला मतदानाचा हक्क गेला. गावच्या पाण्याबद्दल बोलायचा हक्कही आपणच सोडलाय, असं त्या दिवशी कळशीपाशी वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे. विहिरीला सर्वांत जवळचं शोकपिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आमचं. न्हाणीघर, संडास मी पाठवलेल्या पैशांतून बांधले. गवंड्याने जागा दाखवली, मी व्हिडिओवर मान डोलावली. चिऱ्याची जमीन सच्छिद्र, पावसात पाणी कुठून कुठे झिरपेल याचा नेम नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आज सकाळी वहिनीला फोन केला आणि टेप घेऊन शोकपिटापासून विहिरीपर्यंतचं अंतर मोजायला सांगितलं. आकडा येईल तो ग्रुपवर मीच टाकणार आहे, आमच्या घराच्या नावासकट.