गोंडोला चालू आहे म्हणजे डोंगर सेफ आहे, असं नसतं

डिसेंबर लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ट्रॅव्हल ग्रुपांवर काश्मीर टूरचे मेसेज सुरू होतात आणि त्यात एक फॉरवर्ड हमखास असतो. त्यात लिहिलंय की गुलमर्गचा रोजचा अ‍ॅव्हलांच रिपोर्ट (बर्फाचा कडा कोसळण्याचा धोका सांगणारा) फॉरेनर लोकांसाठी असतो, आपण फक्त बर्फ किती पडला आणि गोंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार) चालू आहे का एवढं बघायचं, ऊन असेल तर बिनधास्त वर जायचं, वर आरडाओरडा करायचा नाही म्हणजे बर्फ कोसळत नाही, आणि अडकलोच तर आपला हणमंतप्पा सहा दिवस जगला होता की. आपल्याकडची पोरं आता स्लेजवर बसून परत येत नाहीत, स्की शिकून गुलमर्गच्या वरच्या अफरवाट डोंगरावरनं खाली उतरायला बघतात, त्यामुळं हे असंच सोडून द्यायला मन तयार होत नाही.

हणमंतप्पांचंच आधी घेतो, कारण ते नाव असं वापरलेलं बघून वाईट वाटतं. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनमध्ये साधारण १९,६०० फुटांवर त्यांची चौकी बर्फाखाली गेली, १० जवान गाडले गेले, सहा दिवसांनी हे एकटे जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत वारले. तंबूत हवेला थोडी जागा उरली होती असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे दहांपैकी एकही वाचला नाही, हे त्या मेसेजमध्ये कुठं आहे? साधारण हिशोब असा की गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ वाचतात, अर्धा तास उलटला की तीनातला एक वाचणंही अवघड. श्वास कोंडतो, थंडीनं मरायच्या आधीच.

आता ऊन आणि गोंडोला. मोबाईलवर गुलमर्गचं जे हवामान दिसतं ते बहुतेक वेळा खालच्या गावाचं असतं, साधारण २,६५० मीटरचं. गोंडोलाचा दुसरा टप्पा उतरवतो जवळपास ३,९५० मीटरवर, तिथं सहज ८ डिग्री थंडी जास्त आणि वारा वेगळाच. हा वाराच खरा कारभारी आहे. नवीन बर्फ एक इंच न पडतासुद्धा तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला थर लावतो, आणि खाली जुना भुसभुशीत दाणेदार थर असेल तर वरची अख्खी लादी सुटायला तयार होऊन बसते, आकाश निळंशार असलं तरी. चोर्ला घाटात पाऊस थांबून ऊन पडल्यावरही दरड येते ते आपण बघतोच, तसंच.

आणि गोंडोला चालू आहे याचा अर्थ केबल आणि वारा ठीक आहे, एवढाच. वर उतरल्यावर स्की पॅट्रोलच्या (उतारावर सुरक्षा बघणाऱ्या पथकाच्या) ताब्यातला भाग मर्यादित आहे, त्याच्या बाहेर पाय टाकला की तो मोकळा डोंगर. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटच्या हापतखुडमध्ये अ‍ॅव्हलांच आला, पोलंडचे दोन स्कीअर मेले, २१ जणांना वाचवलं. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्याच खिलनमर्गला अशाच बर्फात एक रशियन स्कीअर मेला. याच खिलनमर्गला फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या ट्रेनिंगमधले १७ जवान बर्फाखाली मरण पावले होते. मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावातल्या लोकांनी तरी बर्फाला हलक्यात घेऊ नये.

ओरडण्याचं काय? आवाजानं अ‍ॅव्हलांच येत नाही, माणसाच्या आवाजात तेवढा जोरच नसतो. माणसाचं वजन मात्र पुरतं. ज्यात माणसं मरतात त्यातले बहुतेक अ‍ॅव्हलांच त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सुटवलेले असतात, आणि तेही साधारण ३० ते ४५ डिग्रीच्या उतारावर, म्हणजे स्कीवाल्यांना जो उतार सगळ्यात आवडतो त्याच्यावरच.

म्हणून रिपोर्टमध्ये बर्फाचा आकडा आणि धोक्याचा आकडा वेगवेगळे वाचायचे. ताजा बर्फ ४० सेंटीमीटर ही स्कीसाठी खुशखबर आहे आणि त्याच दिवशी धोका सगळ्यात जास्त असू शकतो. धोक्याची पातळी १ ते ५ असते आणि लोकांना वाटतं ३ म्हणजे मधलं, पास. युरोपात वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त माणसं ३ च्या दिवशीच मरतात, कारण ४-५ ला लोक घाबरून थांबतात आणि ३ ला जातात. त्यामुळं नुसता आकडा नको, खाली कुठल्या दिशेचा उतार, किती उंचीच्या वर, वारा कुठनं, हे लिहिलेलं असतं ते वाचा, डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं बुलेटिन आणि पॅट्रोलचा सकाळचा बोर्ड दोन्ही.

गाईड घेतला की झालं, असंही त्याच मेसेजच्या शेवटी आहे. गाईड हवाच, पण २०२३ ला ज्यांना बर्फातनं वाचवलं त्यांत दोन स्थानिक गाईडही होते. प्रत्येकाकडं बीकन (गाडलेला कुठं आहे ते सिग्नलनं सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं पाहिजे, फक्त गाईडकडं नाही, कारण गाईडच गाडला गेला तर त्याला काढणार कोण?

घरच्या मंडळींना घेऊन गुलमर्गच्या मैदानात बर्फात खेळायला जाणाऱ्यांनी यातलं काही मनाला लावून घेऊ नये, खुशाल जावा. हे दुसऱ्या टप्प्यावरनं स्की घालून पॅट्रोलच्या हद्दीपलीकडं जाणाऱ्यांसाठी आहे, त्यांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पडला असेल तर तेवढा डिलीट करायला सांगा.