चार बाजू मोजल्या म्हणजे प्लॉट मोजला? नाही हो

मागच्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला, घरच्या, गावच्या आणि क्लासच्या पालकांच्या. त्यात म्हटलंय की प्लॉट कसाही वाकडातिकडा असो, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करा, झालं क्षेत्रफळ. फरक पडलाच तर किरकोळ, कधी कमी कधी जास्त. वर हा म्हणे लीलावतीतला, म्हणजे भास्कराचार्यांच्या जुन्या गणिताच्या ग्रंथातला फॉर्म्युला, शाळेत मुद्दाम शिकवत नाहीत. मी आठवी ते दहावीचं गणित शिकवतो त्यामुळे "सर, खरंय का हे" असं तिन्हीकडून विचारून झालं, तर एकदाच लिहितो.

"कसाही असो" इथूनच घोळ सुरू होतो. गावाकडची बाज आठवा, सुंभ ढिला पडला, खिळखिळी झाली की ती एका अंगाला कलते. चारही लाकडं तेवढीच राहतात, एक इंच कमी होत नाही, पण मधली जागा आक्रसते. ६ बाय ३ फुटांची बाज चारही कोपरे काटकोनात असताना १८ चौरस फूट, आणि कोपरा ९० अंशाचा ६० अंश होईपर्यंत कलली तर साधारण साडेपंधरा. फॉरवर्डला विचारा, तो दोन्ही वेळा १८ च सांगणार, कारण त्याला फक्त लाकडं दिसतात, कोपरे दिसतच नाहीत.

आता "कधी कमी कधी जास्त". हे वाचून मला खरंच राग आला कारण लोक यावर व्यवहार करतात. ही सरासरी कधीच कमी येत नाही! आयताला बरोबर येते, बाकी प्रत्येक चौकोनाला जास्तच येते. कारण बघा, चौकोनाला कर्णाने दोन त्रिकोणांत तोडला तर कुठल्याही त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्याच्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त होऊच शकत नाही, आणि बरोबर निम्मं तेव्हाच जेव्हा मधला कोन काटकोन असेल. दोन्ही कर्णांनी असं तोडून बेरीज मांडली की सरासरीवालं उत्तर ही वरची मर्यादा म्हणून बाहेर पडतं. म्हणजे चूक नेहमी एकाच बाजूला, विकणाऱ्याच्या. घेणाऱ्याने हा मेसेज "छान माहिती" म्हणून पुढे पाठवावा याला काय म्हणायचं.

आकडे घेऊनच बघू. एक प्लॉट, बाजू ओळीने ४५, ६०, ६५, ७० फूट, आणि ४५-६० चा कोपरा काटकोनात. सरासरीने ५५ गुणिले ६५ म्हणजे ३५७५ चौरस फूट. प्रत्यक्षात आहे ३४५०. सव्वाशे चौरस फूट नुसते हवेतले, ८०० रुपये फुटाचा भाव धरला तर सरळ एक लाख. तो कोपरा काटकोनात नसता आणि त्याच्या समोरचा कर्ण ७५ ऐवजी ६० फूट भरला असता तर त्याच चार बाजूंत जागा उरली असती जेमतेम ३०५९.

ग्रुपवर एकाने आणखी सोपं करून दिलं, चारही बाजूंची बेरीज करा, चारने भागा आणि वर्ग करा. वरच्याच प्लॉटला ३६००. यावर जास्त लिहीत नाही.

राहिली लीलावती. सरासरीची ही रीत जुनी आहे हे खरं, इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतीवर जमिनींची क्षेत्रफळं अशीच काढून कोरलीत. आपल्याकडे ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ.स. ६२८ मध्ये ती दिली, पण देतानाच तिला स्थूल म्हटलं, म्हणजे ढोबळ. त्याच्या जोडीला चार बाजूंवरून वर्गमूळ काढायचं सूक्ष्म, म्हणजे अचूक सूत्रही दिलं, पण ते ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात त्यालाच लागू, आपल्या प्लॉटला ते ३५१८ सांगतं. आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत नेमकं उलटं लिहिलंय हो! ते वर्गमुळाचं सूत्रसुद्धा चौकोनाला अस्फुट, म्हणजे अचूक नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय. शिवाय कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, असंही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आपण कुठल्या रांगेत बसतो ते बघावं.

शाळेत शिकवत नाहीत हेही खोटं. आठवीच्या पुस्तकात क्षेत्रफळाच्या धड्यात हेरॉनचं सूत्र आहे, म्हणजे त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं, वेड्यावाकड्या जागेचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडून मोजायची रीत आहे. करायचं एवढंच की टेप कर्णावर पण धरायचा. आपल्या प्लॉटला कर्ण ७५. एक त्रिकोण ४५-६०-७५ चा, काटकोनी, १३५०. दुसरा ६५-७०-७५ चा, तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं १०५, त्यातून एकेक बाजू वजा केली की ४०, ३५, ३०, या चार आकड्यांचा (१०५ धरून) गुणाकार करून वर्गमूळ, २१००, हेच हेरॉनचं सूत्र. बेरीज ३४५०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं.

एखादा कोपरा आत दबलेला असेल तर कर्ण त्याच कोपऱ्यातून धरायचा, नाहीतर टेप शेजाऱ्याच्या जागेतून जाईल आणि उत्तर पण. आणि जमलं तर दुसराही कर्ण मोजा. वरच्या प्लॉटला तो ९३ फूट अडीच इंचाच्या आसपास यायला हवा. ९५ आला तर टेप कुठेतरी झोळ खातोय, परत मोजा.