मुलींना वॉर्ड चालवायला द्या

नर्सिंगच्या मुलींच्या अंगी नेतृत्व यावं असं सगळेच म्हणतात. मग वॉर्डात आल्यावर त्यांना आपण सॅम्पल लॅबला पोचवणं, चादरी बदलणं आणि टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद) भरणं एवढंच का देतो?

बीएस्सीच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात व्यवस्थापन आणि नेतृत्व हा स्वतंत्र विषय आहे. स्टुडंट नर्सेस असोसिएशन तर १९२९पासून आहे. निवडणुका, सूत्रसंचालन, स्पर्धा हे सगळं व्हावंच, त्यातून मुली धीट होतात. पण परिसेविका म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, नर्सचं नेतृत्व घडतं ते ड्युटी बदलताना, पेशंटच्या बेडजवळ.

आमच्या सर्जिकल वॉर्डात तिसऱ्या वर्षाच्या मुलीला मी चार बेड नेमून देते. त्या चार पेशंटची ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायची माहिती, तिनेच द्यायची. मी शेजारी उभी राहते, पण मधे बोलत नाही.

एकदा अशीच एक मुलगी दुपारची ओव्हर देताना अडखळली. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) चार तासांत जेमतेम ५० एमएल लघवी होती. पेशंट साधारण ६० किलोचा, म्हणजे तासाला निदान ३० एमएल तरी हवी. तिने आधी नळी कुठे दुमडली आहे का ते पाहिलं, मग बीपी आणि पल्स घेतला. "सिस्टर, तुम्ही सरांना सांगता का?" म्हणाली. मी म्हटलं, "तू पाहिलंस ना, तूच सांग. मी इथेच आहे."

फोनवर काय बोलायचं ते आम्ही कागदावर लिहून घेतलं: आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी भरती आहे, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. जगभर याला एसबार म्हणतात आणि परीक्षेत मुली ते फाडफाड लिहितात. प्रत्यक्षात फोन उचलताना तिचा आवाज कापत होता. पण शेवटचं वाक्य तिने गिळलं नाही: "सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं." डॉक्टर आले, फ्लुइड वाढवलं. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या मुलीला फोन कसा करायचा ते शिकवत होती.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांकडून काम करून घेणं. वीस वर्षांच्या मुलीने आईच्या वयाच्या मावशींना काम कसं सांगायचं? हुकूम सोडला तर मावशी ऐकत नाहीत, आणि गप्प बसलं तर सगळं स्वतःच करावं लागतं. "मावशी, सहा नंबरला ओटीत न्यायचंय, त्यांचं आधी करूया का?" असं कारणासकट सांगितलं की काम होतं. हे मोठ्यांना बोलताना ऐकूनच येतं. म्हणून मी मुलींना राउंडला, इंडेंट (सामानाची मागणी) करताना, ड्युटी लावताना सोबत घेते. इमर्जन्सी ट्रॉली रोज त्यांच्याकडून तपासून घेते: अॅड्रेनालिनची तारीख, लॅरिंगोस्कोपचा दिवा, ऑक्सिजनचा सिलिंडर. सही त्यांची, खाली माझी.

यावर "आम्हाला वेळ कुठे आहे?" हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असा नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. प्रत्यक्षात एकेकीच्या वाट्याला किती पेशंट येतात ते आपण रोज बघतो. म्हणूनच विद्यार्थिनींना रिकामे हात समजून वापरायचा मोह होतो. तो सोडा. रिकाम्या जागा भरायची मागणी शासनाकडे आपण करत राहू, तिचं ओझं शिकणाऱ्या मुलींवर नको.

कॉलेजच्या मॅडमनाही विनंती आहे. क्लिनिकल पोस्टिंगच्या मूल्यमापनात किती इंजेक्शन दिली आणि किती ड्रेसिंग केली याच्या जोडीला ओव्हर कशी दिली याचेही मार्क ठेवा. वॉर्डातली सिस्टर ते द्यायला तयार आहे. निदान मी तरी आहे.