डावा हात आधी पडतो

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवस नुसता धुमाकूळ चालला होता. कारण किरकोळ, चुलतभावानं कुठल्यातरी नव्या गायकाची क्लिप टाकली, 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी, झिंझोटी रागातलीच, पण पोरानं मधे दोन जागा जरा वेगळ्या घेतल्या आणि शेवट लांबवला. झालं. मिरजेहून नानाकाकांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज, "खांसाहेबांनी असं गायलेलं नाहीये." मग एक पार्टी म्हणे घराणं बुडवलं, दुसरी म्हणे तुम्ही काय म्युझियम काढून बसलाय का, आणि त्यात आमच्या आत्येबहिणीनं मला टॅग करून लिहिलं की दादा तुमच्याकडे जर्मनीत बरंय, सगळं कागदावर लिहिलेलं, वाजवायचं आणि घरी जायचं, भांडायला जागाच नाही.

मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते इतकं लांबलं की शेवटी पुसून टाकलं. तेच आता इथे लिहितोय.

आधी काकांबद्दल. दर्ग्याच्या उरुसाला रात्ररात्र बसलेला माणूस आहे, कान तयार आहे, मी गाणं ऐकायला शिकलो ते त्यांच्या मांडीवर बसूनच. पण काकांचा जन्म १९४४चा आणि ही ठुमरी ज्यांची गाजली ते अब्दुल करीम खांसाहेब गेले १९३७ला. म्हणजे 'खांसाहेबांनी असं गायलं नव्हतं' याचा खरा अर्थ 'त्या तबकडीवर असं नाहीये' एवढाच होतो. तबकडी किती मिनिटांची? तीन-सव्वातीन. जो माणूस मैफलीत तीच ठुमरी मनात येईल तेवढी फुलवत असणार, त्याच्या एका दिवसाच्या तीन मिनिटांवरून आपण पुढच्या शंभर वर्षांच्या पोरांना मार्क देतोय. हे मला मिरजेत असताना कधी सुचलं नाही. लाइपझिगला आल्यावर सुचलं, आणि ते पण पियानोमुळे.

नऊ वर्षं झाली इथे. या गावात राहणं म्हणजे मिरजेत सतारमेकर गल्लीत राहण्यासारखं, संगीत अंगावर येतं. पियानोवाली क्लारा शुमान इथलीच, १८१९चा जन्म. १८४०ला लग्न झाल्यावर ती आणि तिचा नवरा, संगीतकार रॉबर्ट शुमान, ज्या घरात राहिले ते इन्झेलश्ट्रासवर आहे, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. संगीतकार मेंडेल्सझोननं १८४३ला काढलेलं संगीत विद्यालय अजून चालू आहे. ब्राम्स या संगीतकाराचा व्हायोलिन कन्चेर्तो पहिल्यांदा वाजला तो इथल्याच गेवांडहाउस या मैफलीच्या हॉलमध्ये, १ जानेवारी १८७९ला, व्हायोलिनवाल्या योआखिमच्या हातून, समोर बॅटन घेऊन स्वतः ब्राम्स. आणि आमच्या वरच्या मजल्यावर एक कोरियन मुलगी राहते, त्याच विद्यालयात पियानो शिकते. भिंती जाड आहेत पण खिडकी उघडी असली की शुमान खाली येतोच.

एकदा जिन्यात भेटली तर वैतागलेली. म्हणाली सरांनी झापलं, डावा हात उजव्याच्या आधी पडतो, जुनाट सवय आहे, काढून टाक. आणि कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजवायच्या जुडीतले, स्वर एकामागून एक सोडायचे नाहीत, कागदावर नागमोडी रेघ असेल तिथेच सोडायचे. मी म्हणलं थांब, तुला एक गंमत ऐकवतो. चहा टाकला आणि फॅनी डेव्हीस या पियानोवालीची 'किंडरझेनन', म्हणजे शुमानच्या छोट्या पियानो तुकड्यांची माळ, लावली, १९२९ची रेकॉर्ड.

फॅनी डेव्हीस क्लारा शुमानची थेट शिष्या. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर घरातली तालीम, नवऱ्याची चीज बायकोकडून मिळालेली. आणि ही बाई काय करते? डावा हात आधी टाकते, उजवा मागून येतो, सूर कसा हवेत लोंबकळत राहतो क्षणभर. कॉर्डचे स्वर एकामागून एक सोडते, कागदावर रेघ नसताना सोडते. आणि त्यातलंच 'ट्रॉयमेराय', जे आज सगळे डोळे मिटून, जणू कोणी वारलंय अशा लयीत वाजवतात, ते ही साधं, चालतं ठेवते. शुमाननं छापलेला मेट्रोनोमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचा, आकडा १०० आहे, आज त्याच्या जवळपास कोणी फिरकत नाही. पोरगी दोनदा ऐकून म्हणाली, "ही आमच्या परीक्षेत नापास होईल." मी म्हणलं हिच्या बाईंनी हे सगळं नवऱ्याच्या शेजारी बसून ऐकलंय. ती म्हणाली तरी नापासच होईल.

हे एकटीचं नाहीये बरं का. कार्ल राइनेके, १८२४चा जन्म, मेंडेल्सझोन आणि शुमान दोघांना ओळखणारा, या गेवांडहाउसचा पस्तीस वर्षं कपेलमाइस्टर म्हणजे मुख्य संचालक, त्यानं १९०५ला, ऐंशीच्या घरात असताना पियानो रोल करून ठेवले. रोल म्हणजे भोकं पाडलेला कागद, पियानो तो वाचून आपोआप वाजतो. त्यातून जोर किती खरा कळतो यावर लोक भांडतात, पण कुठला स्वर कधी पडला ते तर दिसतंच, आणि तिथे पण दोन्ही हात एकत्र पडत नाहीत. योआखिमच्या १९०३च्या बर्लिनच्या रेकॉर्ड ऐका, बाहत्तर वर्षांचा माणूस, बोटाची थरथर अगदी जेवढ्यास तेवढी आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना चक्क मींड घेतो, म्हणजे मींडच, दुसरा शब्द नाही. आज क्वार्टेटमध्ये कोणी तसं केलं तर बाकीचे तिघं त्याच्याकडे बघतील. आणि खुद्द ब्राम्स, २ डिसेंबर १८८९, व्हिएन्नात फेलिंगर नावाच्या मित्राच्या घरी, एडिसनच्या माणसानं मेणाचा सिलिंडर लावला आणि ब्राम्सनं पहिल्या हंगेरियन डान्सचा तुकडा वाजवला. ऐकायला बसलात तर भजी तळल्याचाच आवाज येईल आधी. पण खरखरीच्या मागे जे काही हाताला लागतं त्यात हा गडी स्वतः छापलेलं जसंच्या तसं वाजवत नाहीये, मनाचं घालतोय.

तर आत्येबहिणीला पहिलं उत्तर हे, की लिहिलेलं वाजवायचं आणि घरी जायचं हा नियम पुष्कळ नंतरचा आहे. क्लारा तर पीस सुरू करायच्या आधी मनानं थोडं काहीतरी वाजवायची, म्हातारपणी १८९५ला मुलीच्या आग्रहावरून त्यातलं काही कागदावर उतरवलं तेवढंच. आलापच की हा! डिनू लिपात्ती या पियानोवाल्याची फ्रान्समधल्या बेझांसोंची शेवटची मैफल आहे, १६ सप्टेंबर १९५०, माणूस इतका आजारी की शोपँच्या चौदा वॉल्ट्झपैकी तेरा झाल्या आणि चौदावी राहिली, अडीच महिन्यांत गेलाच तो, वय ३३. त्या रेकॉर्डिंगची सुरुवात ऐका, बाख सुरू करायच्या आधी तो नुसता त्या सुरात एकदा हात फिरवून घेतो. मला तेवढंच सगळ्यात जास्त आवडतं कधीकधी, पुढचं ऐकवत नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? माझं मत, आणि वरच्या पोरीचं पण तेच आहे, की रेकॉर्डिंगनंच ते घालवलं. एकटं नाही, पण मोठा वाटा त्याचाच. हॉलमध्ये चूक झाली तर ती हवेत विरून जाते, तबकडीवरची चूक दर वेळी त्याच जागी वाट बघत बसलेली असते. पियानोवाला आल्फ्रेड कोर्तो किती चुकीचे स्वर मारायचा आणि तरी १९३०च्या दशकातल्या त्याच्या शोपँपुढे मी आजच्या निम्म्या स्वच्छ सीडी ओवाळून टाकीन. १९२६ला त्यानं व्हायोलिनवाला थिबो आणि चेलोवाला कझाल्स यांच्यासोबत केलेलं शुबर्टचं बी-फ्लॅट त्रिओ ऐका, तिघं तीन स्वभावाचे, कोणी कोणासाठी इस्त्री करून घेतलेली नाही. मग टेप आली आणि टेपला कात्री आली. पियानोवाला होरोविट्झ बारा वर्षांनी स्टेजवर परत आला, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, मे १९६५, त्या मैफलीची रेकॉर्ड 'लाइव्ह' म्हणून खपली आणि त्यातल्या काही चुका गुपचूप बदललेल्या होत्या. खरी, हात न लावलेली आवृत्ती बाजारात यायला २००३ उजाडलं. एवढा मोठा माणूस, जीव मुठीत धरून बसलेला, आणि त्यालाही वाटलं की चुकलेला मी लोकांना नको.

आणि कानाचं म्हणाल तर जॉइस हॅटोचं प्रकरण आठवा. इंग्लंडची म्हातारी पियानिस्ट, आजारी, घरात बसून शंभराच्या वर सीडी केल्या म्हणे, समीक्षक नुसते फिदा. ती २००६ला गेली आणि २००७ला कोणीतरी तिची लिस्टची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तर स्क्रीनवर नाव आलं लास्लो शिमोन या दुसऱ्याच पियानोवाल्याचं. मग एकेक उकलत गेलं, सगळं दुसऱ्यांचं वाजवणं, काही ठिकाणी वेग थोडा ताणून तिच्या नावावर खपवलेलं, नवऱ्यानं कबूल पण केलं. म्हणजे ज्या वाजवण्याकडे लोकांनी एका नावाखाली ढुंकून बघितलं नव्हतं तेच दुसऱ्या नावाखाली अलौकिक झालं. आमच्या ग्रुपवर मी एकदा हा प्रयोग करणार आहे, नव्या पोराच्या गाण्यात खरखर घालून काकांना पाठवायचं. (नाही करणार. हिंमत नाही.)

आता दुसरी बाजू. इथे येऊन आपल्याकडचं सगळं मागासलेलं वाटतं असं काही झालेलं नाही, उलट एक गोष्ट आपल्याकडे फार शहाणपणाची झाली आणि ती रेकॉर्ड न केल्यामुळे झाली. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खांसाहेबांनी तबकडी दिलीच नाही. त्यांच्या दोन मोठ्या शिष्या, केसरबाई आणि मोगूबाई, एकाच गुरूकडून शिकलेल्या, आणि गाणं ऐकलं तर दोघी दोन दिशांना उभ्या. कोणाची हिंमत झाली का म्हणायची की यातली एकच खरी जयपूरवाली? पडताळायला तबकडीच नव्हती, मग दोन्ही खऱ्या. क्लाराच्या शिष्यांचं पण बघा, फॅनी डेव्हीस एक, आडेलिना दे लारा दुसरी, इलोना आयबेनशुट्स तिसरी. आयबेनशुट्सबाई अशा सुसाट सुटतात की दम लागतो, दे लारा बाई शांत, आयुष्यभर आम्हाला क्लाराबाईंनी असं शिकवलं म्हणत राहिल्या. तिघी खऱ्या बोलत असणार. बाईंनी तिघींना तीन तऱ्हांनी शिकवलं असेल, कारण मुली तीन होत्या.

म्हणून मला काकांचा राग येत नाही, त्यांच्या तबकडीचा येतो. आणि ती तबकडी तरी कुठली परकी? १९०२ला कलकत्त्यात गायिका गोहरजानची रेकॉर्ड करणारा फ्रेड गायस्बर्ग हाच पुढे लंडनला युरोपातल्या मोठमोठ्या पियानोवाल्यांच्या मागे रेकॉर्ड करा म्हणून लागलेला. आणि ज्या लाखेच्या तबकडीवर कोर्तोचा शोपँ छापला जायचा ती लाख मुख्यतः आपल्याकडूनच जायची, पलाशा-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची. लाख आपली, मिनिटं त्यांची. तबकडीच्या तीन-चार मिनिटांच्या बाजूत शुमान पण कापला गेला आणि झिंझोटी पण.

शुद्धतेचा विषय निघाला की मला या गावातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. मेंडेल्सझोनचा पुतळा गेवांडहाउससमोर होता, तो ज्यू घराण्यातला म्हणून १९३६च्या नोव्हेंबरात रातोरात हलवला. मेयर परगावी गेलेला, परत येऊन बघतो तर जागा मोकळी, त्यानं पुढे पद सोडलं. आता २००८पासून टोमासकिर्खे या चर्चसमोर नक्कल उभी आहे, मी रोज तिथून ट्राम पकडतो. व्हायोलिनवाला आडोल्फ बुश, ज्यू नसलेला जर्मन, त्यानं १९३३लाच जर्मनीत वाजवणं बंद केलं, आणि पियानोवाला जावई रुडोल्फ झेर्किनबरोबरचं त्याचं ब्राम्सचं हॉर्न त्रिओ, आजवरचं सगळ्यात जर्मन वाटणारं ब्राम्स, रेकॉर्ड झालं इंग्लंडला, हॉर्नवर इंग्लिश माणूस, ऑब्री ब्रेन. परदेशात राहणाऱ्याला हे ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

इथलं काय चांगलं म्हणाल तर सांभाळून ठेवणं. ते रोल, ते सिलिंडर, ग्रासी म्युझियममध्ये जाऊन वाद्यं बघता येतात, कोणाच्या दारात उभं राहून 'काका, जरा ऐकवता का' करावं लागत नाही. आपल्याकडे अजून कित्येक मैफलींच्या टेपा कपाटात बुरशी धरतायत आणि मालक म्हणतो अपलोड केलं तर किंमत राहत नाही. पण हेही खरं की इथे एवढं सांभाळलेलं असून पोरीच्या सरांना ते नको आहे. परीक्षेत तिनं दोन्ही हात एकत्र टाकले, चांगले मार्क मिळाले.

परवा रविवारी काकांना फोन केला आणि काही न सांगता फॅनी डेव्हीस लावली. काका पूर्ण ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत, ते एक आहे. संपल्यावर म्हणाले, "डाव्या हातानं लय दाखवतेय आणि उजवा लाडानं उशिरा येतोय. ठुमरीवाली आहे रे ही." मग जरा थांबून, "जुनी आहे ना?" मी म्हणलं हो, १९२९.

संध्याकाळी ग्रुपवर व्हॉइस मेसेज. जर्मनीतली एक जुनी बाई ऐकली, काय ती तालीम, आणि हल्लीची ही पोरं. फॅनी डेव्हीस इंग्लंडची होती, पण ते मी दुरुस्त केलं नाही.