‘तमाशा’ या एका शब्दाविषयी: वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक, पुणे’ एवढीच सही असलेली आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि एक रात्र मध्ये जाऊ दिली, कारण त्याच दिवशी लिहिले असते तर ते छापण्याजोगे झाले नसते. कुत्र्या-मांजरांचे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कसा करतात, यावरच्या माझ्या लेखावर आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: अशा जनावरांपैकी शंभरात सहासुद्धा घरी परतत नाहीत, 15 दाबांमागे 2 श्वास हे मी दिलेले प्रमाण चूक आहे, मांजरीविषयी मी एक ओळही लिहिलेली नाही, मालकाची संमती आधी घेतली पाहिजे, आणि शेवटी, ‘खेड्यातल्या दवाखान्यात टेबलावर चालणारा हा तमाशा जनावरासाठी नसतो, बाहेर उभ्या असलेल्या मालकासाठी असतो’.

प्रमाणाची चूक मान्य आहे. 30 दाबांमागे 2 श्वास हेच बरोबर. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून मी 1994 साली बाहेर पडलो, तेव्हा माणसांच्या प्रथमोपचारात 15 ला 2 चालत असे, आणि तोच आकडा हातातून लेखणीत उतरला. श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर दाब थांबवायचेच नाहीत, दर सहा सेकंदांना अँबू बॅग, म्हणजे हवा आत ढकलणारी हाताची पिशवी, एकदा दाबायची, हेही तिथे लिहायला हवे होते. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मी मनापासून मानतो, कारण पुढे मानण्याजोगे फारसे काही नाही.

आता तमाशा. आपल्या माहितीसाठी सांगतो की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये असतात आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तमाशा आपल्या पुण्याच्या बाजूचा. तो शब्द आपण ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका गावातील दवाखान्याला बहाल करता, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर नेमके काय असते, हे मला समजून घ्यायचे आहे. कुत्रा कुशीवर ठेवलेला असतो. छाती तिच्या रुंदीच्या एकतृतीयांश ते निम्मी दबेल इतका जोर लावायचा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरते. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेला हात उथळ दाबतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली, पंखा बंद असताना हे करून पाहा. प्रेक्षकांसाठी इतका घाम कोणी गाळत नाही.

माणसावर आज सर्वत्र होणारे हेच काम ज्या प्रयोगशाळेतून पुढे आले, तिथे टेबलावर कुत्रेच होते. 1958 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात निकरबॉकर या संशोधकाच्या लक्षात आले की हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची पाती कुत्र्याच्या छातीवर जोराने टेकवली की रक्तदाब चढतो. 1960 साली कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाहेरून छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कुत्र्यांकडून शिकलेली विद्या कुत्र्यावर वापरली की तिचा तमाशा कसा होतो, ते आपणच सांगावे.

सहा टक्क्यांचा आकडा मला ठाऊक नाही असे आपण गृहीत धरलेले दिसते. ठाऊक आहे. कुत्र्या-मांजरांचे बंद पडलेले हृदय सुरू करण्याविषयीची ‘रिकव्हर’ची 2012 ची आणि 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे खेड्यातही वाचता येतात. पण त्या आकड्यात मूत्रपिंडे निकामी झालेला बारा वर्षांचा कुत्रा आणि भुलीखाली हृदय थांबलेला तरणा कुत्रा एकाच पोत्यात भरलेले आहेत. भुलीत थांबलेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास वाचल्याच्याही नोंदी आहेत. कारण तिथे माणसे शेजारीच असतात, औषध देण्यासाठी शिरेत सुई आधीच लावलेली असते, आणि हृदय थांबवणाऱ्या औषधाला बहुधा उतारा असतो.

2016 च्या भादव्यातली गोष्ट आहे. धानाच्या बांधीवर राखणीला असलेली अठरा किलोची गावठी कुत्री गर्भाशयात पू झाल्यामुळे टेबलावर होती. झायलाझिन आणि केटामिनची भूल दिलेली, पोट उघडलेले, वीज गेलेली. दवाखान्यातल्या मदतनीस व्रणोपचारकाने मोबाइलचा उजेड तोंडावर धरला तेव्हा जीभ जांभळी होती, आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवले तर नाडी नव्हती. मी दाबायला लागलो, त्याने नळी सरकवून बॅग धरली. अ‍ॅड्रिनालिन किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 0.18 मिलिग्रॅम, मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या औषधाचे 0.18 मिलिलिटर, इतके थोडे की ते 1 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरताना तळाशी जेमतेम दिसते आणि हात थरथरत असेल तर रेघ चुकते. मग योहिम्बिन, झायलाझिनचा उतारा. दोन मिनिटांच्या तिसऱ्या फेरीच्या शेवटी, माझा श्वास लागलेला असताना, बोटाखाली काहीतरी टकटकले. आधी मला ती माझीच नाडी वाटली. चौथ्या दिवशी ती कुत्री मालकाच्या सायकलमागे चालत गेली. अशी जनावरे माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत, आणि जवळजवळ सगळी भुलीतली, हेही लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या प्रतिक्रियेचे आपले श्रम वाचतील.

मांजरीचे म्हणाल तर तिची छाती एका हातात मावते. अंगठा एका बाजूला, बोटे दुसऱ्या बाजूला, आणि रुंदीच्या प्रमाणात खोली तीच, वेगही तोच. आमच्याकडे मांजर दवाखान्यात आणतात तरी किती? कुत्र्याच्या नाकाला तोंड लावून फुंकण्याबद्दल आपण लिहिलेले नाही, पण दुसऱ्या एकाने विचारले आहे म्हणून सांगतो: अनोळखी कुत्र्याला मुळीच नाही, पिसाळलेल्याची लाळ ओळखू येत नाही.

राहिली संमती. शहरात दाखल करतानाच कागदावर हो किंवा नाही लिहून घेतात, ते चांगलेच आहे. आमच्याकडे ‘डाक्टर सायेब, काई तरी करा जी’ हीच संमती मानतात, आणि इतक्या वर्षांत त्यावर कोणी भांडलेले नाही. या मुद्द्यावर वाद वाढवण्याची माझी इच्छा नाही.

आपल्या घरचे जनावर उद्या अशा टेबलावर असेल, तर तिथल्या डॉक्टरला हा शब्द ऐकवून पाहावा, असे लिहिण्याचा मोह मी काल आवरला होता. आज आवरला नाही.

त्या कुत्रीचा मालक बाहेर कडुलिंबाखाली उकिडवा बसून होता. आत काय चालले आहे हे त्याला मी मागाहून, टाके घालून झाल्यावर सांगितले. आपण विचाराल म्हणून लिहितो: नाही, आधी विचारले नव्हते.