कागदावरचा वायू आणि हवेतला वायू

नमस्कार गुरुजी,

सीएफसी-११ म्हणजे फोम बनवायला वापरला जाणारा, ओझोनचा थर खाणारा वायू. त्यावरच्या माझ्या लेखावर आपण परभणीहून तपशिलात लिहिलंत. आक्षेप तीन: मराठवाड्याला प्यायला टँकर लागतो आणि मी ओझोन घेऊन बसलोय, लांबच्या बेटावर बसून वायू कुठून सुटला ते सांगणं म्हणजे ज्योतिष, आणि प्रत्येक देश आपले आकडे देतोच, तर हवा मोजायचा खटाटोप कशाला? तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

ओझोन खाणारे वायू बंद करण्यासाठीच्या जागतिक मॉन्ट्रियल कराराखाली देश जो 'वापर' कळवतात, तो म्हणजे उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात. हवेत किती सुटलं हे त्यात येत नाही. चोरून बनवलेलं तर नाहीच नाही. आपण जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या मुलखातले. पैठणहून किती पाणी सोडलं हे कागदावर असतं, पण टेलच्या शेतकऱ्याला किती मिळालं ते चारीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सीएफसी-११ चं तेच झालं. २०१० पासून जगभर उत्पादन बंद, कागदावर जवळजवळ शून्य. आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेतले स्टीफन माँट्झ्का आणि सहकारी यांनी दाखवलं, की हवेतलं त्याचं प्रमाण घटण्याचा वेग २०१२ नंतर निम्म्यावर आलाय. हा माणसानेच बनवलेला वायू. म्हणजे वर्षाला सुमारे १३ हजार टन जास्तीचा माल कोणीतरी सोडत होतं, आणि एकाही देशाच्या अहवालात त्याचा पत्ता नव्हता.

आता ज्योतिष. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गोसान इथे यंत्र दिवसरात्र हवा तपासतं. मोकळ्या समुद्रावरून वारा आला की आकडा खाली स्थिर राहतो, पूर्व चीनकडून आला की उसळी मारतो. २०१३ पासून या उसळ्या उंच व्हायला लागल्या. जपानच्या हातेरुमा बेटावरची नोंदही जोडीला होती. प्रत्येक उसळीच्या वेळी हवा कुठून कुठून फिरत आली, हे हवामानाच्या नोंदींवरून संगणकावर मागे मागे शोधलं जातं. एका उसळीने काहीच सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षांच्या उसळ्या एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा होतं. २०१९ मध्ये बोट गेलं चीनच्या शांदोंग आणि हेबेई प्रांतांकडे: २०१२ च्या आधीपेक्षा वर्षाला सुमारे ७ हजार टन जास्त. कारखान्याचं नाव हवेतून मिळालं नाही, तसा दावा संशोधकांनी केलाही नव्हता. चीनमधल्या फोम बनवणाऱ्यांकडे हाच वायू वापरला जातोय हे एका पर्यावरण संस्थेने २०१८ मध्येच बाहेर काढलं होतं. मग चीनमध्ये कारवाई झाली आणि २०१९ पर्यंत जगाचं उत्सर्जन २०१२ पूर्वीच्या पातळीला आलं. गुरुजी, ज्योतिषाने कुणाचा चोरटा धंदा बंद पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आपल्याकडचं सांगतो. मे महिन्यात जालन्यात एका गच्चीवर जुन्या एसीचं काम चाललं होतं. मेकॅनिकने पान्याने नट सैल केला, फुस्स करून आर-२२ हा एसीतला गॅस बाहेर, पितळी जोडावर पांढरं हिव आणि खाली तेलाचे दोन थेंब. मिनिटभरात सगळं मोकळं. मग नवा गॅस भरला, बिलावर 'गॅस चार्जिंग' लिहिलं. भरलेला गॅस कधीतरी विक्रीच्या नोंदीत आला असेल, सुटलेला कुठेच नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचं मशीन महाग, आणि मागणारं गिऱ्हाईक नाही. पण हा आर-२२ ओझोनला मारक आहेच, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट हवा तापवतो. भंगारात फोडलेल्या जुन्या फ्रिजच्या पिवळ्या फोममधूनही असाच जुना सीएफसी सुटत राहतो.

म्हणून टँकरचा मुद्दा मला परका वाटत नाही. मराठवाड्यावर ओझोनचं छिद्र नाही, ते दक्षिण ध्रुवावर पडतं, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. तापणारी हवा मात्र आपल्याच उरावर आहे. आणि भारतासारख्या देशांकडे लक्ष ठेवणारी गोसानसारखी केंद्रं फार विरळ आहेत. आपल्या हवेत काय सुटतं हे आपण मोजलं नाही, तर दुसरा कोणी मोजून सांगेल आणि ते मुकाट्याने मान्य करावं लागेल. मला ते नको आहे.

गोसानचे आकडे सामान्य माणसाला बघायला मिळतात का, असंही आपण विचारलंत. मिळतात, खुले आहेत. आपले जुने विद्यार्थी आलेख काढणार असतील तर फाइल कशी वाचायची ते मी लिहून पाठवतो.